टोमॅटोच्या वाफ्यातली सीडी

मार्चच्या दुसऱ्या रविवारी हार्ड डिस्क गेली. आधी टक-टक आवाज, मग तोही बंद. इथे न्यू जर्सीत १५ एप्रिल ही टॅक्स रिटर्न भरायची शेवटची तारीख, आणि माझी आजवरची सगळी रिटर्न्स त्या एका डिस्कवर. बॅकअप होता, पण फोटोंचा. मुलगी झाली, करोना आला, घर बदललं. या सगळ्यात ज्यांनी नेमाने टॅक्सच्या फाइलींचाही बॅकअप घेतला, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ला आला, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव. नशीब, नाही ठेवली. डिस्क वाचवून देणारा दुकानदार म्हणाला की आत ओल धरली असती तर होतं तेही गेलं असतं. हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, बिघडलेलं असताना डिस्क पुन्हापुन्हा चालू केली तर ते तबकडीवर घासतं, म्हणून हातही लावू नका. दर ऐकला, पुण्याचं जाऊन-येऊन तिकीट आलं असतं. दिले. दहा दिवसांनी फाइली मिळाल्या, निम्म्या फुटलेल्या. गेल्या वर्षीची फुटकी, २०१७ची मात्र धड.

मला हवी होती तीच. पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यावर भाडेकरू ३१.२ टक्के टीडीएस कापतो, कारण मी एनआरआय. भारतात भरलेला कर इथल्या करातून वजा होतो, त्याला म्हणतात क्रेडिट. त्या वर्षी तो इथल्या करापेक्षा जास्त झाला, आणि असं उरलेलं क्रेडिट फॉर्म १११६वर पुढची दहा वर्षं वापरता येतं. मधे वापरायची वेळ आली नाही. यंदा आली, कारण एनआरई ठेवीच्या, म्हणजे एनआरआयच्या भारतातल्या खास ठेवीच्या, व्याजावर भारतात कर नाही, इथे आहे. तो या क्रेडिटमधून भागवायचा.

फाइलवर क्लिक केलं. टॅक्सचं सॉफ्टवेअर म्हणालं, ही २०१७ची आहे, २०१७चं सॉफ्टवेअर आणा.

म्हणजे बघा. फाइल माझी, आकडे माझे, दरवर्षी पैसे मोजणारा मी. पण प्रत्येक वर्षाचं कुलूप वेगळं, आणि किल्ली बनवणारी कंपनी जुन्या किल्ल्या ठेवत नाही. त्यांच्या साइटवर फक्त अलीकडच्या वर्षांची डाउनलोड्स. दोन संध्याकाळी मी त्यांच्या चॅटवर घालवल्या. तिथलं यंत्र दर वेळी आपुलकीने विचारायचं, ‘तुमची अडचण सुटली का?’ बाबांच्या ट्रंकेत १९८०पासूनची रिटर्न्स सुतळीने बांधलेली आहेत. ती उघडायला फक्त गाठ सोडावी लागते.

आयआरएसकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडे, मागावं, तर रिटर्नचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे त्यातल्या आकड्यांचा उतारा, फुकट आणि लगेच मिळतो, त्याबद्दल मानलं. पण चालू आणि मागची तीन वर्षं एवढाच. मूळ रिटर्नची प्रत ३० डॉलर भरून मिळते, पण साधारण सात वर्षांनी ती नष्ट करतात. क्रेडिट दहा वर्षं टिकतं, कागद सात! आपल्या आयकर पोर्टलवर मीही दर जुलैत विनोद करतो, पण पॅन लहान अक्षरांत, त्याला चिकटून जन्मतारीख, एवढ्या पासवर्डवर माझी आयटीआरची पावती उघडते. हे ऑफिसात सांगितलं. कोणाला त्यात विशेष वाटलं नाही.

मग आठवलं, २०१७चं सॉफ्टवेअर मी खोक्यातलं घेतलं होतं. सीडी! मराठी घरातून सीडी टाकली जात नाही, तसा श्रीखंडाचा डबाही टाकला जात नाही. पण ठेवली कुठे? बायको शांतपणे म्हणाली, ‘मागच्या अंगणात बघ.’ कबुतरांसाठी पुण्यात गॅलरीत टांगायचो तशी तिने इथे पक्ष्यांसाठी टोमॅटोच्या वाफ्यावर सीड्यांची माळ लावली होती. दोन सीड्या लग्नाच्या व्हिडिओच्या निघाल्या. त्याबद्दल नंतर बोलणं झालं.

सीडी मिळाली, पण लॅपटॉपला ती घालायला जागाच नाही. शेजारच्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, वाचनालयात लोकांची रिटर्न्स फुकट भरून देतात. इथे आयआरएसचा तसा स्वयंसेवकांचा कार्यक्रमच आहे. त्यांना नावाने हाक मारायची असते, माझ्या तोंडून अजून निघत नाही. यूएसबीवर चालणारा सीडी ड्राइव्ह त्याच घेऊन आल्या. सीडी कोमट पाण्याने धुतली, मधून कडेकडे पुसली, गोल गोल नाही, तसं पुसताना पडलेला ओरखडा जास्त नडतो म्हणे. मी चहा केला, आलं घालून. दोन वेळा अडकली, तिसऱ्यांदा चालली.

फाइल उघडली. उरलेलं क्रेडिट: ४१२ डॉलर. दुकानदाराला किती दिले, ते घरी अजून सांगितलेलं नाही.

लगेच पीडीएफ केली, तीन ठिकाणी ठेवली, एक प्रिंट बाबांच्या ट्रंकेसाठी काढली. बायको विचारतेय सीडी परत कधी मिळणार, मे महिन्यात रोपं लावायची आहेत.