झिजलेला उंबरठा

आज एका जुन्या घरात दोन तास कसे गेले कळलंच नाही. मालकांनी स्वतः जीव ओतून ते दुरुस्त केलं आणि छोटंसं संग्रहालय म्हणून खुलं केलंय. पाचच खोल्या.

माझं लक्ष वस्तूंच्या आधी भिंतींकडे गेलं. एका कोपऱ्यात हातभर जागा गिलाव्याविना उघडी ठेवलीय, आतली वीट आणि चुना दिसावा म्हणून. मधल्या काळात या भिंतींवर कुणीतरी सिमेंट थापलं होतं. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग भिंत आतल्या आत भिजत राहते आणि विटांचे पोपडे सुटतात. ते सगळं खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे दुसऱ्या थराची घाई करून चालत नाही. केवढा धीर धरला असेल या माणसांनी!

एका तुळईचं टोक कुजलं होतं. तेवढंच कापून नवं लाकूड सांधलंय, रंग मुद्दाम न जुळवता. जुनं कुठलं, नवं कुठलं, लगेच कळतं. हा प्रामाणिकपणा मला फार भावला.

कपड्यांच्या खोलीत उजेड अगदी मंद. जुन्या कापडाला साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश नको, रंग उडतो. डोळे सरावल्यावर एका झबल्याच्या कोपरापाशी ठिगळ दिसलं. टाके इतके बारीक की मी काचेला नाक लावून उभी राहिले.

निघताना मालकीणबाईंनी उंबरठा दाखवला. मधोमध झिजून खोलगट झालेला. सुतार म्हणाला होता, तासून सपाट करून देतो. त्यांनी हात लावू दिला नाही.