भाताक हळद कित्याक?

मालवणजवळच्या एका वृद्धाश्रमात मी मदतनीस आहे. आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, नाडी-ताप बघणं आणि हे सगळं वहीत लिहिणं हे माझं काम. लिहायची पाळी शेवटी येते. तोवर कंबर मोडलेली असते, म्हणून 'जेवण ठीक, झोप ठीक' असं लिहून पान उलटायचा मोह होतो.

नारळी पौर्णिमेनंतरचा तो शनिवार. आमचे एक आबा, वय ८१, जन्मभर रापणीच्या जाळ्यावर मासेमारी करत राबलेले. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून त्यांना डिगॉक्सिन चालू होतं, सोबत लघवीची गोळी. त्या आठवड्यात दोन दिवस जुलाब होऊन गेले होते. रात्री मी ताट पुढे ठेवलं तर ते म्हणाले, "गो बाये, भाताक हळद कित्याक घातलंस? माझा लगीन लावतास काय?" सगळा हॉल हसला. मीही हसले. वहीत लिहिलं : 'जेवण कमी. मूड चांगला.'

रविवारी माझी सुट्टी होती. माझ्या जोडीची मुलगी घाटावरची, तिला मालवणी अर्धीच कळते. तिने लिहिलं, 'जेवायला नकार. हट्ट करतात.' तिला मी दोष देत नाही. तिला समोर दिसलं ते तेवढंच होतं.

सोमवारी सकाळी आबांनी उकड्या तांदळाची पेज चार चमचे घेतली आणि मळमळतं म्हणून वाटी सारली. पेज तांबूसच असते, त्यामुळे रंगाचं काही बोलले नाहीत. रात्री दुधाचा पेला दिला तर म्हणाले, "दुधात पण हळद!" या वेळी ते हसत नव्हते. पांढऱ्या चादरीवर हात फिरवत तिच्याकडे बघत राहिले. मी ट्रेमधला कापसाचा बोळा उचलून समोर धरला. "आबा, ह्यो कसो दिसता?"

"हळदुवो."

कापूस हातात तसाच धरून मी दोन क्षण उभी राहिले. मग मनगट धरलं आणि घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ४६. मध्येच ठोका चुकत होता, पुन्हा सापडत होता.

वहीतली मागची पानं काढली. तीन दिवसांची नाडी ७२, ७२, ७२. त्यातला शनिवारचा आकडा माझा. पंधरा सेकंद मोजून अठरा चोक बहात्तर केलेले. अनियमित नाडीला हा हिशोब चालत नाही, ती पूर्ण मिनिटभर मोजायची असते. हे मला शिकवलेलं होतं. तो आकडा मी आजही विसरलेले नाही.

आमच्या सिस्टरचा एक नियम आहे : माणूस बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, अर्थ डॉक्टर लावतील. मी लिहिलं : 'रात्री ८:१०. दूध दोन घोट. "दुधात पण हळद." पांढरा कापूस दाखवला, "हळदुवो" म्हणाले. सकाळपासून मळमळ. नाडी ४६, अनियमित, पूर्ण मिनिट.' खाली सही. वही घेऊन धावतच सिस्टरकडे गेले. त्यांनी फोनवर डॉक्टरांना त्याच ओळी वाचून दाखवल्या. पलीकडून प्रश्न आला, "हळद? नक्की काय शब्द होते?" सिस्टरनी पुन्हा वाचलं. मग सूचना आली : डिगॉक्सिन बंद, आत्ताच्या आत्ता ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात हलवा.

१०८ला फोन केला. गाडीत मी वही मांडीवर घेऊन बसले. कसालच्या रस्त्याला पाऊस असा की वायपर पुरेना. आबा मधूनमधून डोळे मिटत होते आणि मी दर थोड्या वेळाने नाडी मोजून वेळ घालून लिहीत होते.

तिथे ईसीजी आणि रक्त तपासल्यावर उलगडा झाला. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. जुलाबाने अंगातलं पाणी उतरलं होतं, त्यात लघवीची गोळी चालूच, पोटॅशियम कमी झालेलं. मग नेहमीचाच डोस अंगात साठून विषासारखा वागला. भूक मरणं, मळमळ, नाडी मंदावणं आणि सगळं पिवळं दिसणं ही त्याचीच लक्षणं. म्हणजे आबा शनिवारपासून आम्हांला सांगत होते.

आठ दिवसांनी ते परत आले. रात्री मी भात वाढला आणि ताटाजवळच बसले.

वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे : 'रात्री ८:०५. "आज भात धवो हा." सगळा भात संपवला. नाडी ६८, पूर्ण मिनिट.'