सायकलवरून कोल्हापूर: भिंती, पडदे आणि कटाची वाटी

कोल्हापूरच्या जुन्या पेठा सायकलवरूनच पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे. गंगावेश, पापाची तिकटी, बिंदू चौक, खासबाग, शिवाजी पेठ आणि रंकाळा तलाव ही ठिकाणे एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की, चारचाकीला उभे राहायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात सायकल पुढच्या चौकात पोहोचलेली असते. भिंतीवरचे चित्र नीट पाहायचे तर मध्येच थांबावे लागते, रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला जावे लागते आणि कधी कधी ज्या बोळातून आलो त्याच बोळात परत वळावे लागते. हे सगळे सायकलवरच निवांतपणे करता येते. खाण्याचेही तसेच आहे. इथले उत्तम पदार्थ एका ताटात मिळत नाहीत. ते वेगवेगळ्या पेठांत, वेगवेगळ्या वेळी मिळतात आणि दोन पदार्थांच्या मध्ये थोडे पायडल मारणे भुकेलाही मानवते.

अलीकडच्या वर्षांत स्वच्छता मोहिमांच्या निमित्ताने शाळांच्या आणि उद्यानांच्या भिंतींवर बरीच चित्रे काढली गेली आहेत. झाड लावणारी मुलगी, पाण्याचा थेंब हातात धरलेली पृथ्वी, कचरापेटीकडे बोट दाखवणारा मुलगा: ही चित्रे मन लावून काढलेली असली तरी ती महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात तशीच दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी मी फार थांबत नाही. मला ओढ आहे ती या शहराच्या स्वतःच्या रंगकामाची. ते रंगकाम नाटकाच्या पडद्यावरून सिनेमाच्या पोस्टरवर आले, तिथून तालमीच्या फलकावर, रिक्षाच्या पाठीवर आणि गणपतीच्या मूर्तीवर उतरले. सायकलवरून हिंडताना माझ्या लक्षात आलेली मुख्य गोष्ट अशी की, या रंगकामाला ज्यांनी आश्रय दिला, त्याच लोकांसाठी इथले खाणेही घडले आहे. पैलवान, नाटक-सिनेमाचे प्रेक्षक आणि कारखान्यातले कामगार या तिघांच्या मागे मागे गेले की भिंतीही सापडतात आणि दुकानेही.

सुरुवात पहाटे गंगावेशीत करावी. इथल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ, कोमट, धारोष्ण दूध पेल्यात हातात मिळते. पेला पुढे करताना विक्रेता प्रत्येकाला मामा किंवा दादा म्हणूनच हाक मारतो आणि फेस ठेवू का, हे आवर्जून विचारतो. फेसासकट पिणे हेच खरे पिणे, असे मी मानतो. या कट्ट्याचा आणि कुस्तीचा संबंध उघड आहे. जवळच गंगावेश तालीम आहे, आणि दूध, तूप, बदाम-खसखशीची थंडाई हा पैलवानाचा खुराक असल्यामुळे या भागात दुधाला नेहमीच मान राहिला. तालमींच्या दर्शनी भिंतीवर गदाधारी मारुती असतो, कुठे शाहू महाराजांची तसबीर असते, कुठे डाव टाकलेल्या जोडीचे चित्र असते. रंगवणाऱ्याला शरीररचना ठाऊक आहे की नाही, हे मांडी आणि खांदा कसा काढला आहे त्यावरून लगेच कळते. कोल्हापुरात ती सहसा ठाऊक असते, कारण चित्रकाराने ते शरीर रोज समोर पाहिलेले असते.

तिथून उतार थेट पंचगंगेच्या घाटाकडे नेतो. घाटावरची दगडी मंदिरे सकाळच्या उजेडात सुंदर दिसतात. पण मी वाटेतल्या घरांच्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणाही पाहतो. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेले होते. नदीकाठच्या वस्तीत त्या पाण्याच्या रेषा लोकांनी कुठे रंगाने, कुठे खडूने आखून ठेवल्या, शेजारी साल लिहिले. त्यांना कुणी कला म्हणणार नाही, परंतु शहराच्या भिंतींवरचे इतके अचूक लेखन दुसरीकडे आढळत नाही, आणि घर नव्याने रंगवताना तेवढी रेषा वगळून रंग देणाऱ्या माणसांविषयी मला आदर वाटतो.

परतीचा चढ फार कठीण नाही. पापाच्या तिकटीच्या कुंभार गल्लीत शिरल्यावर मात्र सायकल हातात धरून चालावे, विशेषतः गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत, कारण तेव्हा अर्धी गल्ली वाळत ठेवलेल्या मूर्तींनी भरलेली असते. अंगाचा रंग, त्यावर पितांबराचा रंग, मग दागिन्यांची सोनेरी रेघ आणि शेवटी डोळ्यांची आखणी असा कामाचा क्रम असतो. डोळे आखण्याचे काम घरातल्या सर्वांत सरावलेल्या हाताकडे असते आणि त्या वेळी कुणी बोलत नाही. एका वयस्कर कारागिराकडून ऐकले की त्यांनी उमेदीच्या काळात दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे फलकही रंगवले होते. मोठे चित्र काढायचे तर छायाचित्रावर चौकडी आखायची, तीच चौकडी फलकावर मोठी करायची आणि एकेक घर भरत जायचे. डिजिटल फलक आले तसे ते काम थांबले आणि हात मूर्तीकडे वळला. बहुतेक पाटी रंगवणाऱ्यांची गोष्ट साधारण अशीच आहे. छापील फलक स्वस्त असतो, तासाभरात मिळतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्याबरोबर एका शहराचे अक्षरवळण निघून जाते, हे नुकसान मोठे आहे.

बिंदू चौकात जुन्या तटबंदीचा बुरूज अजून उभा आहे आणि समोर महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. बाबासाहेबांचा हा पुतळा त्यांच्या हयातीतच, ९ डिसेंबर १९५० रोजी उभारला गेला. त्यामागे पुढाकार होता भाई माधवराव बागल यांचा, आणि बागल स्वतः चित्रकार होते. चळवळीतला माणूस चित्रकार असणे या शहराला विशेष वाटत नाही. चौकाचौकात पुतळा, चित्र आणि घोषणा शेजारी शेजारी नांदतात, त्याचे मूळ मला इथेच दिसते.

यानंतर पोट मोठ्याने बोलू लागते, तेव्हा शिवाजी उद्यमनगर गाठावे. फाउंड्र्या, लेथची शेड आणि सुट्या भागांची दुकाने यांच्या मधोमध फडतरे यांची मिसळ मिळते, आणि ती इथे लोकप्रिय का झाली हे जागा पाहिल्यावर समजते. अवजड काम करणाऱ्या माणसाला सकाळी झणझणीत, गरम आणि पोट भरणारे काहीतरी हवे असते. कोल्हापुरात मिसळीवर ओततात त्या झणझणीत रश्शाला कट म्हणतात. मोड आलेली मटकी, फरसाण, वर कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड आणि कांदा-लसणाच्या चटणीचा तो लालभडक कट. सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड. कट मागावा तितका मिळतो. माझ्या मते चांगल्या मिसळीची परीक्षा तिखटपणावर करू नये. तिखट कुणालाही करता येते. कटात भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याची चव मागे उरते की नुसती जळजळ उरते, हे पाहावे. ज्याला मिसळ जड वाटेल त्याने एखाद्या गाड्यावर कट वडा खावा. त्यातही बटाट्याचा वडा कटात पूर्ण बुडण्याआधी खाण्यात मजा आहे. याच भागात उभ्या असलेल्या टेम्पोंची आणि ट्रकांची पाठ जरूर वाचावी. हाताने काढलेली अक्षरे, कमळे आणि गरुड आता इथेच जास्त टिकून आहेत. रिक्षांचे तर विचारूच नये. या शहरात रिक्षांच्या सौंदर्य स्पर्धा भरतात आणि रिक्षावाले आपली गाडी नवरीसारखी सजवतात.

खासबागेचे कुस्ती मैदान राजर्षी शाहू महाराजांच्या काळातले, १९१२ चे. मध्ये खोलगट हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कुस्ती स्पष्ट दिसते. त्याला लागूनच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे, पूर्वीचे पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत होरपळले. त्या बातमीने शहर किती हळहळले हे मी पाहिले आहे, आणि आजही तिथून जाताना सायकल आपोआप हळू होते. माझ्या दृष्टीने कोल्हापूरच्या भिंतींवरच्या चित्रांचा इतिहास याच नाटकाच्या परंपरेत सुरू होतो. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत असत. राजवाडा, जंगल, रस्ता अशी प्रचंड दृश्ये, लांबून खरी वाटतील अशी, कापडावर उभी करण्याची ही विद्या होती. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी पुढे स्वतः कॅमेरा घडवला, मूकपट काढले आणि त्यांची पोस्टरेही रंगवली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली, जी १९३३ मध्ये पुण्याला गेली. कंपनी गेली, पण रंगवणारे सगळेच गेले नाहीत. बिनखांबी गणेश मंदिराकडून खरी कॉर्नरला आले की बाबूरावांच्या स्मरणार्थ उभारलेला कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला मी हे ठिकाण आधी दाखवतो, कारण इथे उभे राहिल्यावर पुढच्या सगळ्या भिंती वेगळ्या दिसू लागतात. नाट्यगृह पूर्ववत होईल तेव्हा त्याच्या पडद्यांवर या शहरातल्या चित्रकारांचा ब्रश फिरावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खासबागेची खाऊगल्ली संध्याकाळी फुलते. इथली भेळ म्हणजे चुरमुरे, फरसाण, बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो, कैरीच्या दिवसांत कैरी, आणि चिंचेचे आंबटगोड पाणी. कुस्ती किंवा नाटक पाहून बाहेर पडलेल्या माणसाला उभ्या उभ्या खाता येईल असे हे खाणे आहे. लोण्याचा दावणगिरी डोसा मूळचा कर्नाटकातला, पण कोल्हापूरने तो इतका आपला केला आहे की आता त्याला परका म्हणवत नाही.

मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यामध्ये सायकल चालवताना भिंतींवर फुटबॉल दिसू लागतो. इथे पेठेची तालीम हीच फुटबॉलची संघटना असते. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावे तालमींची आणि तीच संघांची. त्यामुळे मारुतीच्या चित्राशेजारी चेंडू असणे इथे स्वाभाविक आहे. विश्वचषकाच्या वेळी मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे अवाढव्य फलक गल्ल्यांच्या तोंडाशी उभे राहतात. ते छापील असतात; तरीही एखाद्या तरुण मंडळाने स्वतः रंगवलेली भिंत मध्येच सापडते, नाकडोळे थोडे चुकलेले असतात, पण क्रमांक आणि जर्सीचे पट्टे अचूक असतात. मला अशी भिंत छापील फलकापेक्षा जास्त प्रिय आहे.

शेवट रंकाळ्यावर करावा. राजर्षी शाहूंच्या आश्रयाला असलेले चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ या तलावांच्या परिसरात जी निसर्गचित्रे रंगवली, त्यांतल्या काही चित्रांचे दर्शन टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात होते. ती आधी पाहून मग रंकाळ्यातल्या संध्यामठाच्या दगडी वास्तूकडे पाहिले तर पाण्यावरचा उजेड त्यांनी किती थोड्या रंगांत पकडला होता हे कळते. चौपाटीवर कणीस आणि भेळ मिळतेच. मांसाहार करणाऱ्याने भूक राखून ठेवावी आणि रात्री एखाद्या खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा घ्यावा. पांढरा आधी प्यावा, तांबडा भाकरीबरोबर खावा.

निघण्यापूर्वी काही व्यवहाराच्या गोष्टी. साधी, गियर नसलेली सायकलही पेठांसाठी पुरेशी आहे. गियरची गरज विद्यापीठाकडे सागरमाळाचा चढ चढायचा असेल तरच लागते. महाद्वार रोडवर सुट्टीच्या दिवशी भाविकांची गर्दी असते, तेव्हा तिथे शिरू नये, बाजूच्या गल्ल्यांनी जावे. जुलै-ऑगस्टमध्ये नदीची पातळी विचारूनच घाटाकडे उतरावे. कुलूप आणि पाण्याची बाटली बरोबर असावी, आणि कुणाच्या घराच्या किंवा तालमीच्या भिंतीचे छायाचित्र घ्यायचे असेल तर आधी तिथे बसलेल्या माणसाला विचारावे. बहुतेक वेळा तो नुसती परवानगी देत नाही, तर ते चित्र कुणी रंगवले तेही सांगतो. ते नाव वहीत लिहून घ्यावे, कारण भिंतीवर ते बहुधा लिहिलेले नसते.