फळ्यावरचे एक वाक्य

आठवीत असताना साध्या वर्तमानकाळाच्या तासाला इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर ‘ही कम्स लेट’ एवढेच लिहिले आणि हा मुलगा आज उशिरा आला आहे का, असे विचारले. आम्ही सर्वांनी होकार दिला. त्यावर बाईंनी समजावले की हे वाक्य त्याची सवय सांगते, आजच्या दिवसाबद्दल काहीच सांगत नाही. मग क्रियापदाच्या अलीकडे एकेक वारंवारतादर्शक क्रियाविशेषण बसवत त्या दर वेळी एकच प्रश्न विचारत गेल्या : ‘हे वाक्य खोटे ठरायला काय घडावे लागेल?’ ‘ऑलवेज’ असेल तर तो एक दिवस वेळेवर आला तरी पुरे; ‘नेव्हर’ असेल तर एक दिवसाचा उशीरही पुरे; ‘युज्वली’ मात्र चार-दोन अपवाद सहज सोसते. व्याकरणाच्या पुस्तकांत हेच शब्द टक्केवारीने मांडलेले दिसतात, पण मला बाईंचा प्रश्न अधिक अचूक वाटतो. कारण वर्षातून चार वेळा आजारी पडणाऱ्याला ‘ऑफन’ लावता येते, वर्षातून चार वेळा पुस्तक उघडणाऱ्याला नाही.

‘द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स’ हे वेळापत्रक असू शकते आणि त्याला ‘टुमॉरो’ जोडता येते. ‘युज्वली’ घातले की तेच वाक्य नेहमीचा अनुभव सांगू लागते आणि तिथे ‘टुमॉरो’ बसत नाही.

माझी खरी अडचण नकाराची होती. मराठीत ‘कधीच’ला ‘नाही’ची सोबत लागते, म्हणून ‘माझा मित्र कधीच खोटे बोलत नाही’ याचे इंग्रजी मी ‘माय फ्रेंड नेव्हर डझ नॉट टेल लाइज’ असे केले. बाईंनी वहीत लिहिले, ‘तू मित्राला सदा खोटे बोलणारा ठरवलेस.’ ‘नेव्हर’च्या पोटातच नकार असतो, हे मला त्या दिवशी कळले.

आज मी भाषांतराचे काम करतो. इंग्रजीत ‘डझ नॉट ऑलवेज कम’ आणि ‘नेव्हर कम्स’ यांत गफलत होत नाही, पण मराठीत ‘तो नेहमी येत नाही’ हे वाक्य बोलताना जोर कुठे पडतो त्यावर अर्थ ठरतो आणि कागदावर तो जोर दिसत नाही. असे वाक्य समोर आले की मी मूळ लेखकाला विचारतो, ‘तो अधूनमधून तरी येतो का?’