आमची वाटचाल: पहिल्या रिव्ह्यूपर्यंतचा वेळ

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या फाउंड्रींसाठी (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी) सॉफ्टवेअर लिहिण्यातून आमच्या फर्मची सुरुवात झाली. कास्टिंग मशीन शॉपच्या दारात पडून राहिलं, तर दिवस मशीनिंगमध्ये नाही, वाट बघण्यात जातात. कोडचंही तेच होतं. म्हणून पुढे आम्ही सॉफ्टवेअर टीमना एक मोजमाप करून द्यायला लागलो: पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे कोडमधला बदल तपासून सामील करून घेण्याची विनंती) तयार झाल्यापासून दुसऱ्या कुणी ती पहिल्यांदा बघेपर्यंत किती वेळ जातो.

खरं काम आहे ते सुरुवात आणि शेवट नेमके ठरवण्याचं. ड्राफ्ट, म्हणजे अजून अर्धवट असलेल्या, पीआरचं घड्याळ ‘रेडी फॉर रिव्ह्यू’ झाल्यावरच सुरू करायचं. शेवट पकडताना बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, वगळायचे. लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारा प्रोग्राम) काही सेकंदांत कमेंट टाकतो आणि टीम उगाच चपळ दिसते. लेखकाने स्वतःच्याच कोडच्या ओळीवर टाकलेली टीपही गिटहबवर (जिथे कोड आणि पीआर ठेवतात त्या साइटवर) रिव्ह्यू म्हणून नोंदली जाते, तीही काढायची. उलट मुख्य चर्चेतली साधी कमेंट रिव्ह्यूंच्या यादीत येतच नाही, ती वेगळी आणावी लागते. आणि रिव्ह्यूअरने कमेंट लिहून सबमिट केल्या नसतील, तर लेखकाला काहीच दिसत नाही. तोवर वाट बघणं चालूच धरायचं.

गिटहबच्या एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती घेण्याच्या सोयीतून) येणाऱ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. सोमवारी पहाटे ३ ची नोंद तिथे रविवार २१:३० दिसते. त्यामुळे आधी साडेपाच तास मिळवायचे, मगच कामाचे तास मोजायचे. शुक्रवारी ५:३० ला आलेला पीआर सोमवारी १०:३० ला बघितला, तर घड्याळाने ६५ तास होतात. ऑफिस ९:३० ते ६ आणि शनिवार-रविवार सुट्टी असेल, तर कामाचा वेळ फक्त दीड तास. सुट्ट्यांची यादी टीमगणिक वेगळी हवी; जोतिबाच्या चैत्र यात्रेला इथे सुट्टी दिली, तरी बेंगळुरूची टीम कामावर असते.

सरासरी आम्ही देत नाही, एखादा रेंगाळलेला पीआर ती बिघडवतो. मीडियन (निम्मे पीआर ज्या वेळेच्या आत बघितले जातात ती) आणि नव्वदावा पर्सेंटाइल (शंभरातले नव्वद ज्या वेळेच्या आत बघितले जातात ती) देतो. पण फक्त रिव्ह्यू झालेलेच मोजले, तर सर्वांत दुर्लक्षित पीआर हिशेबातून गायब होतात आणि आकडा छान दिसतो. म्हणून अजून उघडे असलेले पीआर वयानुसार वेगळे दाखवतो. यात आम्ही तडजोड करत नाही.

माणसागणिक आकडेही कुणाला देत नाही. ते दिले की लोक न वाचता अप्रूव्ह करतात. उशीर बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतो: बदल फार मोठा असतो, किंवा रिव्ह्यू एका व्यक्तीऐवजी अख्ख्या ग्रुपकडे मागितलेला असतो आणि मग कुणीच हात लावत नाही. गूगलच्या जाहीर मार्गदर्शिकेत उत्तराची कमाल मर्यादा एक कामाचा दिवस आहे. नव्या टीमला आम्ही तिथूनच सुरुवात करायला सांगतो, आणि रोज सकाळी चार कामाच्या तासांहून जास्त थांबलेल्या पीआरची यादी पाठवतो, प्रत्येकापुढे एकाच रिव्ह्यूअरचं नाव घालून.