बाई, ताईनं माझा लाडू खाल्ला

मार्च 2020 मध्ये पुण्यातलं कॉलेज बंद झालं आणि मी कराडजवळच्या आमच्या गावी आले. जूनमध्ये नवीन वर्ष सुरू झालं ते फक्त कागदावर. जिल्हा परिषदेच्या शाळेचं कुलूप तसंच होतं, सर-बाई व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवायचे आणि पप्पांचा फोन पप्पांबरोबर दिवसभर शेतात. त्यामुळे दुसरीतला बारक्या आणि चौथीतली चिमी, दोघांची शाळा माझ्या गळ्यात पडली.

मला वाटलं होतं, बालभारतीच्या पीडीएफ उतरवायच्या आणि शिकवायला लागायचं. पण बारक्याला आधी शाळा हवी होती, शिक्षण नंतर. परिपाठ झाल्याशिवाय तो वही उघडेना. मग रोज सकाळी सोप्यात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार. आजीला गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, ती कॉटवर बसूनच सावधान व्हायची. ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ या ओळीला बारक्या न चुकता चिमीची वेणी ओढायचा. त्यानंतर हजेरी. पट दोनचा, तरी हजेरी. एकदा चिमी परसात गेली असताना त्यानं तिची गैरहजेरी मांडायला लावली, त्यावरून जे भांडण झालं त्यात गणिताचा तास गेला.

शाळेच्या वेळेत मला ‘बाई’ म्हणायचं, हा नियमही त्याचाच. त्याचा फायदा तो कसा घेईल हे मला कळायला हवं होतं म्हणा. एके दिवशी हात वर करून उभा राहिला, “बाई, ताईनं काल रात्री माझा लाडू खाल्ला.”

“मग ताईला सांग की.”

“ती ऐकत नाही. तुम्ही तिला ओरडा.”

‘तुम्ही’ म्हणाला, त्यामुळे मला काही बोलताच येईना. शेवटी मी ताईला ओरडले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चिमी म्हणाली, अंगठे पण धरायला लावा.

खरा तमाशा दुसरीच्या गणितात झाला. 2019 पासून त्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असंही वाचन आलं. गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा होत्या, आणि त्यावरून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला विचाराल तर त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. लिहिताना आधी सहा मग तीन, बोलताना मात्र आधी तीन मग साठ, त्यामुळे पोरं त्रेसष्टचे छत्तीस करून मोकळी होतात. बारक्याचंही तेच व्हायचं, ‘साठ तीन’नं ते थांबलं. पण हे आजीला कोण सांगणार? “आमच्या येळंला असलं नव्हतं,” म्हणत तिनं कॉटवरून पावकी, निमकी आणि औटकीचा समांतर वर्ग सुरू केला. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.

बारक्यानं विचारलं, “आजी, साडेतीन माणसं कुठं असतात का?”

“हायेत की. तुझा बाप, आई, ताई, आन् अर्धा तू.”

चिमी दुपारपर्यंत आजीशी बोलली नाही. तिला मोजलंच नव्हतं.

ऑनलाइन अभ्यासातला सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे कविता म्हणून दाखवण्याचा. चिमीची कविता तोंडपाठ होती. पण रेकॉर्डिंग सुरू केलं की कधी कुकरची शिट्टी, कधी म्हैस, कधी शेजारच्या काकू “काय गं, चहा झाला का?” शेवटी एक पूर्ण झालं म्हणून मी न ऐकताच पाठवून दिलं. बाईंचा निरोप आला, “कविता छान. दूध उतू गेलं ते उतरवलं का?”

वस्तूंची लांबी मोजायच्या उपक्रमात बारक्यानं खिडकी, पाट, आजीची काठी वगैरे मोजलं आणि मग टेप घेऊन गोठ्यात गेला. वहीत लिहिलं होतं, ‘म्हशीची शेपटी: उत्तर येत नाही, हलते.’ मी बरोबरची खूण केली.

खिचडीचा प्रश्न मात्र सुटला नाही. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ शाळेतून घरी मिळत होती, आई त्याचीच खिचडी करायची, पण दोघांचं म्हणणं एकच, शाळेसारखी होत नाही. आई वैतागून म्हणाली, मग शंभर पोरं आणा, मोठ्या पातेल्यात करते.

मार्चअखेर मी वार्षिक परीक्षेचे पेपर काढले, हातानं, समास आखून. आणि 3 एप्रिल 2021 ला शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी पहिली ते आठवीची मुलं परीक्षेशिवाय वरच्या वर्गात जाणार असं जाहीर केलं. बारक्यानं टीव्हीसमोर उडी मारली. “सरकारनं पास केलंय, आता तुझं काय चालणार नाही!” चिमी मात्र अडून बसली. चौथीला शिवचरित्र असतं, ते तिनं मनापासून केलं होतं, तिला पेपर द्यायचाच होता. मग ती एकटी परीक्षेला बसली आणि बारक्या पट्टी घेऊन पर्यवेक्षक झाला. थोड्या वेळानं त्यानं तिला रंगेहाथ पकडलं. अफजलखानाच्या भेटीचं साल ती आजीला विचारत होती.

“साल कुणाला ठावं,” आजी सांगत होती, “पर परतापगडाच्या पायथ्याला गाठ पडली. पुढं लिही.”

बारक्यानं दोघींनाही वर्गाबाहेर जायला सांगितलं. आजी कॉटवरून हलेना, म्हणून त्यानं वर्गच उचलून अंगणात नेला.