नव्या कोचला तीन हंगाम द्या

कॉलेजचा फुटबॉल संघ दोन वर्षं पहिल्या फेरीत हरला की कोच बदलतात, आणि नव्या कोचकडं त्याच हंगामात करंडक मागतात. कोल्हापुरात हा दबाव जास्तच, कारण शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसणाऱ्या प्रत्येकाला खेळ कळतो. पण कोचनं स्वतः पारखून घेतलेली एफवायची, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाची पोरं टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षाला जातात, तेव्हा कुठं संघ त्याचा होतो. म्हणून किमान तीन हंगाम.

पहिल्या वर्षी आहे त्या पोरांवर भागवायचं आणि गोल खाणं कमी करायचं. गोलकीपर आणि चार डिफेंडर रोज एकत्र उभे करा. स्ट्रायकर नंतर बघता येतो.

खरी कसोटी तालमीची, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या संघाची. पोरगं सकाळी कॉलेजच्या सरावाला आणि संध्याकाळी पेठेच्या संघाकडं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, कुठलीही तालीम घ्या, ती ईर्षा घरातूनच आलेली असते. तालीम सोड म्हटलं तर पोरगं कॉलेजचा संघ सोडतं. त्यापेक्षा तालमीच्या कोचला भेटून सामन्यांच्या तारखा घ्याव्यात आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त हलकं जॉगिंग ठेवावं. हे न केलं की ऐन स्पर्धेत मांडीचा मागचा स्नायू धरू शकतो.

त्यावर फिफाचा ‘११ प्लस’ वॉर्मअप आहे. साधारण २० मिनिटं, १५ व्यायाम, आठवड्यातून किमान दोनदा. त्यातला एक नीट बघा. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं मागून घोटे दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून सावकाश पुढं झुकायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच. पोरं कमरेत वाकतात, मग ताण स्नायूवरून निघून जातो आणि व्यायाम फुकट. कोचनं बाजूला उभं राहून कंबर बघायची.

दुसऱ्या वर्षी भरती. सुब्रतो करंडकाच्या १७ वर्षांखालच्या गटात शाळांचे संघ उतरतात, तिथं बारावी व्हायच्या आधीच पोरं हेरून ठेवावीत. फॉरवर्ड इथं गल्लोगल्ली मिळतात. शोधायचे ते गोलकीपर आणि सेंटर हाफ, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे टीवायच्या तयार खेळाडूंवर संघ उभा करणं. एक हंगाम झकास जातो, पण पुढच्या जूनला निम्मा संघ कॉलेजबाहेर. प्रत्येक जागेवर दोन वेगवेगळ्या वर्षांतली पोरं हवीत. आणि हो, त्यांची वर्गातली हजेरीही कोचनंच बघावी. वर्ष बुडालं की तयार केलेलं पोरगं हातचं जातं.

तोवर प्राचार्यांनी विचारायचंच असेल, तर पहिल्या वर्षी तीन आकडे विचारावेत: सरावाला रोज किती पोरं येतात, सामन्यामागं किती गोल खाल्ले, आणि एफवायची पोरं मैदानावर किती मिनिटं खेळली. करंडकाचं विचारायचं ते तिसऱ्या वर्षी.